गोलच्या मागं बसलेला अण्णा
यंत्रमागाच्या तेलाचा वास आला की शहापूरचं आमचं घर आठवतं. मोठा भाऊ, अण्णा, आखातात कामाला होता. तिथंच भारताचा फुटबॉल वर्ल्डकप पात्रतेचा सामना होता. “मी गोलच्या मागं बसणार हाय, आईला टीव्हीवर दाखव,” असं त्यानं फोनवर सांगितलेलं. संध्याकाळी आई माग थांबवून टीव्हीसमोर बसली. भारत हरला, पात्रतेची आशा संपली, आणि कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला. निळ्या शर्टातल्या एका रडणाऱ्या पोराच्या गालाला आईनं काचेवरूनच हात लावला. “ह्यो बघ आपला. लई वाळलाय रं.” तो अण्णा नव्हता. मी “व्हय” म्हणालो. दुसऱ्या दिवशी अण्णाचा फोन आला, त्याला सुट्टीच मिळाली नव्हती. आईला मी ते कधीच सांगितलं नाही. आता आई नाही. तिच्या लेखी तिनं त्या दिवशी त्याला पाहिलं होतं, हे अण्णालाही अजून सांगवत नाही.