घारापुरीला निघालो, अलिबागला पोचलो

मुंबई मला तोंडपाठ आहे, असं मी आत्याला छातीठोकपणे सांगितलं, तोवर मी मुंबईला दोनदाच गेलो होतो. दोन्ही वेळा लग्नाला, आणि दोन्ही वेळा थेट पंगतीत!

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. सगळं आयुष्य कोळवणच्या भातखाचरांत गेलं. गुडघे कुरकुरायला लागले तसा तिनं हट्ट धरला, "बाळ्या, घारापुरीचा तीन तोंडाचा म्हादेव बगायचाय. आता न्हाई तर कवा?"

गेटवेपाशी ती मान वर करून बघतच राहिली. "लई मोठा दरवाजा हाय रं! पन ह्येचं घर कुटं हाय?"

"आत्या, हे समुद्राचं दार."

"मंग उघडंच टाकलंय व्हय!"

बायको, सुनंदा, म्हणाली, "अहो, कुणाला तरी विचारा."

विचारायचं? मी? (मारुंजीत माझं दुकान आहे. दिवसभर लोक मला पत्ते विचारतात!) समोर लाँच लागली होती, तिचीच तिकिटं काढली.

वाटेत मी माहिती देत सुटलो. "तो डोंगर दिसतोय ना, त्यातच लेणी कोरलीत!" शेजारचे एक काका माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, भारावले!

उतरल्यावर आत्यानं चपला काढल्या, हात जोडले. "कुटंय म्हादेव?"

काका हळूच म्हणाले, "आजी, हे मांडवा, अलिबागचं बंदर. घारापुरीची लाँच वेगळी."

सुनंदानं तिकिटावरचं 'मांडवा' मला बोटानं दाखवलं. (हे बोलण्यापेक्षा भयंकर!) आत्यानं चपला परत घातल्या. "ऱ्हाऊ दे बाळ्या. न्हाई माज्या नशिबात." मला तिथंच समुद्रात उडी मारावीशी वाटली, पण पोहता येत नाही.

"अहो, ह्याच तिकिटात अलिबागची बस आहे," काका म्हणाले. "आत्ता ओहोटी आहे, तिथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात घोडागाडी जाते. चला माझ्याबरोबर!"

अलिबागच्या किनाऱ्यावर त्यांनी स्वतः आत्याला घोडागाडीत चढवलं. "आजींना सावकाश न्या," असं गाडीवाल्याला बजावलं आणि निघून गेले. चाकं पाण्यात शिरली, तोंडावर तुषार उडाले, आणि आत्या सुनंदाचा दंड धरून खिदळायला लागली. "समिंदरातनं गाडी चाललीया रं बाळ्या!" किल्ल्यात तिनं तोफेवर हात फिरवला, विहिरीचं पाणी चाखलं. "चहूकडं खारं, नि मधी ह्ये गोड?" मग तिथल्या देवळातल्या गणपतीसमोर डोळे मिटून कितीतरी वेळ बसली.

परतीच्या लाँचमध्ये सुनंदानं मोबाइल पुढे केला. "ह्या घारापुरीच्या पायऱ्या. आत्यांना कशा चढवणार होतात?"

पायऱ्या? हा विचार मला शिवलाच नव्हता! मनातल्या मनात मी काकांना हात जोडले, घोड्याला जोडले, ओहोटीलाही जोडले. काकांचं नाव विचारायचं मात्र राहिलं, त्याची रुखरुख अजून आहे.

आत्या हल्ली कोळवणात भेटेल त्याला समुद्रातली गाडी सांगते आणि माझं तोंडभरून कौतुक करते. परवा मला म्हणाली, "आता काशीला न्हे रं. तू हायेस म्हनून घोर न्हाई. चुकलास तर रामेश्वर तरी घडंल!"