शाळेच्या जमिनीची राखणदार

बाईंनी चष्मा काढून गळ्यातल्या रुमालाला पुसायला घेतला, की ओळखावं, आता नकार येणार. घासाघीस करणाऱ्याला समोरच्याच्या अशा खुणा टिपाव्याच लागतात. तुम्हीही टिपल्या असत्या.

जर्मनीत ब्राउनश्वाइग शहराच्या कडेला माझं वाणसामानाचं दुकान आहे. इमारत मी बांधली, पण खालची जमीन एका जुन्या सरकारी निधीची, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर. त्या भाड्यातून इथल्या शाळांना मदत होते. बाई निधीच्या जमिनी सांभाळायच्या. मला ती जमीन विकत हवी होती. पुण्यात वडिलांनी जन्मभर भाड्याच्या खोल्या बदलल्या आणि दर वेळी टेम्पोत मांडीवर स्टोव्ह धरून मी बसलो. पायाखालची जमीन स्वतःची असावी, एवढंच माझं मागणं.

पहिल्यांदा त्यांच्या ऑफिसात गेलो, भाव सांगितला, आवाज चढवला आणि शेवटी "राहू द्या मग" म्हणून उठलो. दारापर्यंत गेलं की मागून हाक येते, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. बाई उठल्या, माझ्याआधी दारापाशी पोचल्या आणि त्यांनी दार उघडून धरलं.

"पायरीला जपा, श्रीयुत माने. निसरडी आहे."

घरी बायको म्हणाली, "अहो, तिला वाटलं तुम्ही खरंच निघालात."

दर वर्षी पानगळीच्या दिवसांत त्या हद्द बघायला यायच्या. कुंपणाच्या कडेने चालायच्या, मग दुकानात आल्याचा चहा. पहिल्या घोटाला ठसका लागायचा, तरी कप पूर्ण संपवायच्या. मी विषय काढायचोच.

"विकली तर पैसे एकदाच येतील," त्या म्हणायच्या. "शाळा दर वर्षी भरते."

एकदा मी म्हटलं, "माझी मुलगीही इथल्याच शाळेत जाते. म्हणजे थोडी जमीन माझीच झाली की."

चष्मा उतरला. "गेनाऊ, अगदी बरोबर. मग स्वतःचीच वस्तू विकत कशाला घेता?"

राग आला. अजून येतो. इतकी वर्षं भाव करतोय, असं मला कुणी गप्प केलं नव्हतं.

मागच्या वर्षी आल्या तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चष्मा सुटला होता. निवृत्ती तोंडावर होती आणि त्यांच्या जागी येणारा तरुण अधिकारी बरोबर होता. मी विचारलं. सवयीने विचारलं, जोर उरला नव्हता. त्यांचा हात नाकापर्यंत गेला, तिथे काही सापडलं नाही, खाली आला. मग बाई त्या तरुणाकडे वळल्या.

"हे दर वर्षी विचारणार. तुम्ही नाही म्हणायचं. पण इथे येऊन, चहा पिऊन."

यंदा पानं पिवळी पडायला लागली तसं मी आलं आणून ठेवलं. कुणी फिरकलं नाही. ईमेल तेवढा आला. हद्द आता विमानातून काढलेल्या फोटोंवर तपासतात, भेटीची गरज नाही. खाली आणखी एक ओळ होती: जमीन विकता येणार नाही.

मी अजून विचारलंही नव्हतं.