शेण फासलेल्या सागाचं प्रमाणपत्र

आमच्या सासऱ्यांनी सागाच्या झाडांना शेण फासलं आणि आम्हाला प्रमाणपत्र मिळालं.

युसूफ वडगावला आमची सागाची बाग आहे. जंगल जपून, तोडलं तेवढं पुन्हा लावून काढलेलं लाकूड, असं प्रमाणपत्र असेल तरच माल घेऊ, असं व्यापाऱ्यानं बजावलं. गावातल्या सागवाल्यांनी गट केला आणि तयारी माझ्यावर सोपवली. (जिच्याकडे गटाची यादी, तिच्याकडेच सगळी कामं!) पहिली तपासणी आमच्या रानात. आम्ही चुकलो, तर सगळा गट बाद!

मी पिवळा रंग आणला, प्रत्येक झाडावर ठसठशीत नंबर टाकला आणि समाधानानं घरी आले.

सकाळी तपासनीस साहेबांना घेऊन गेले, तर एकही नंबर दिसेना! प्रत्येक बुंध्यावर शेणाचा जाड थर! बांधावर मामा, म्हणजे माझे सासरे, काठी घेऊन उभे.

“मामा, हे काय केलंत?”

“कावून? रस्ता रुंद करताना कडूलिंबांवर असेच आकडे घातलते. एक तरी लिंब ऱ्हायला का?”

“अहो, साहेब झाडं जपायला आलेत!”

“तोडणारा बी असंच म्हणतो! ओ साहेब, आधी मला तोडा!”

साहेब चार पावलं मागे सरकले. मी फडकं आणि ब्रश घेऊन धावले. मी पुढे नंबर रंगवतेय, मागून मामा शेण फासताहेत!

शेवटी साहेबच हसत बांधावर बसले. “आजोबा, ही झाडं तुमच्या सहीशिवाय तुटू नयेत, म्हणूनच नंबर आहेत.”

“असं व्हय? मग घाला की! सूनबाईनं आधी सांगाया नगं?”

(अख्ख्या गटाला समजावलं होतं. घरातला माणूस तेवढा राहिला होता!)

मी पुन्हा नंबर घातले, तोवर मामांनी स्वतः साहेबांना रानभर फिरवलं. वाऱ्यानं पडलेल्या सागाच्या जागी लावलेलं रोप न् रोप दाखवलं. साहेबांनी शेरा लिहिला, ‘झाडांचं संरक्षण: उत्तम.’ माझी छाती अभिमानानं फुगली.

निघताना साहेब म्हणाले, “मॅडम, एक झाड जास्तीचं भरतंय.”

दमून मी ओल्या रंगाच्या बुंध्याला टेकले होते. पाठीवर उलटा सतरा!

प्रमाणपत्र आता ओसरीवर आहे. मामा मात्र माझ्या नवऱ्याला रोज बजावतात, “सूनबाई बी नंबरातली हाय. माझ्या सहीबिगर काई बोलायचं न्हाई तिला!”