निम्फेनबुर्गच्या बागेतला चटणी-भात

लसणाची चटणी कुटली की मला अजून म्युनिकमधली निम्फेनबुर्ग राजवाड्याची बाग आठवते. साल १९६१. तळ्याकाठच्या बाकावर मी डबा उघडला आणि आईनं पाठवलेली चटणी घालून भात हातानं कालवू लागलो. माझ्याच वसतिगृहातला, पुण्याचा जोगळेकर कुजबुजला, "अरे, काटा घे. लोक बघतायत. गावंढळ समजतील आपल्याला."

"समजू देत. आमच्या घरातून कॉलेजात मी एकटाच गेलो, पण घरी सगळे असंच जेवतात."

"ही राजाची बाग आहे."

"मग राजानं नजर वळवावी."

तेव्हा मी त्याच्यावर चिडलो होतो. आता कळतं, तोही माझ्याइतकाच बावरलेला होता. माझे कान तापले होते. समोरच्या बाकावरचं जोडपं उठून गेलं. तरी मी सावकाश, हातानंच, शेवटचं शीत संपेपर्यंत जेवलो.