दुसऱ्या पेडलचा अर्धा सूर

तार तुटली आणि आबांनी आधी स्वतःच्या पायाकडे पाहिलं.

आम्ही दोंडाईच्यातल्या एका मंगल कार्यालयात वरच्या खोलीत होतो. खाली हळदीची मांडणी चालली होती. नवरी म्हणजे आबांची नात. हळदीला आबाच वाजवतील, असा तिचा हट्ट होता. वर्षापूर्वी आबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात-पाय परत चालू लागले, पण आबा वाद्याजवळ फिरकले नव्हते. त्यांचा मुलगा सुनील या बेतावर नाराज होता. चारचौघांत चुकले तर पुन्हा उभारी धरणार नाहीत, ही त्याची भीती. म्हणून त्यानं कीबोर्डवाला सांगून ठेवला होता.

मी जळगावात हार्मोनियम आणि कीबोर्ड दुरुस्त करतो. आबांची पेडल स्टील गिटार साफ करण्याचं काम माझ्याकडे होतं आणि ती जुळवून द्यायला मी इथवर आलो होतो. हे वाद्य टेबलासारखं आडवं असतं. डाव्या हातात गुळगुळीत लोखंडी दांडी धरून ती तारांवरून सरकवायची. खाली पेडलं असतात. डाव्या पायानं पेडल दाबलं की खालची सळई ओढली जाते, तार ताणली जाते आणि सूर चढतो. आबांनी ते तरुणपणी भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एका ड्रायव्हरसाहेबांकडून घेतलं आणि धुळ्याच्या ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं वाजवलं.

माझ्याकडे आलं तेव्हा आतल्या तेलाचा डिंक झाला होता. त्यावर धूळ बसून पेडलं अडकत होती. मी ब्रशनं सगळं खरवडलं, सांधे पुसले, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. तिथवर काम चोख होतं.

मग दुसऱ्या पेडलला सळईच्या जागी सायकलचा स्पोक दिसला. पहिलं पेडल सूर पूर्ण चढवत होतं, हे दुसरं फक्त अर्धा. मी ठरवून टाकलं की स्पोक म्हणजे जुगाड, तो सैल पडलाय. लेथवाल्याकडून नवी सळई करून घेतली, नट आवळलं आणि दोन्ही पेडलं सारखी केली. आबांना फोन केला नाही. खरं सांगायचं तर स्वतःवर खूश होतो.

आता ती बारीक तार तुटून लोंबत होती. अर्ध्या सुरापुरती लावलेली तार मी पूर्ण सुरापर्यंत ताणायला लावली होती. तुटल्याक्षणी मला कळलं. पण आबांना वाटलं, पाय जास्त पडला.

"मना पाय चुकना," ते म्हणाले. "आते त्याना भरवसा नही."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्याखाली घातले आणि आपलाच पाय उचलून पेडलवरून खाली ठेवला. सामान हलवावं तसा.

सुनील पुढे आला. "आबा, ऱ्हाऊ द्या आते. कीबोर्डवाला ई ऱ्हायना." कीबोर्डवाला येतोच आहे म्हणत त्यानं वाद्यावर चादर टाकली. आबांनी अडवलं नाही.

मी गप्प होतो. धुळ्याच्या निम्म्या ऑर्केस्ट्रांची वाद्यं माझ्याकडे येतात. ही गोष्ट तिथे पोचली तर, एवढाच विचार डोक्यात होता. आबा उठायला भिंतीचा आधार शोधू लागले, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"आबा, पाय चुकला नाही. मी चुकलो." मग स्पोकचं सगळं सांगितलं.

सुनीलनं माझ्याकडे पाहिलं. "मग इतका वेळ काय बघत बसले होते?"

मी वाद्यावरची चादर बाजूला केली.

आबा खाली बसले. म्हणाले, "तो अर्धा सूर मी मुद्दाम ठेयेल व्हता. तुम्हले पेटीवाल्यासले बठ्ठं सारखं लागस." पेटीवाल्यांना सगळंच सारखं लागतं, हा टोमणा मला होता.

बॅगेत साध्या गिटारची पहिली तार होती, तीच इथे चालते. ती चढवली. सळईचं नट सोडत सोडत सूर अर्ध्यावर आणला. नट दोनदा निसटलं. खालून नवरीची मैत्रीण विचारायला आली की आबा कधी येताहेत. सुनीलनं तिला दारातूनच परत पाठवलं.

"आता दाबा," मी म्हणालो.

आबांनी मान हलवली. "पहिले तू दाब."

मी खाली वाकून हातानं पेडल दाबलं. सूर अर्धा चढला आणि थांबला. तार टिकली. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबणार तेवढ्यात आबांच्या बोटांनी माझा हात बाजूला सारला. त्यांचा पाय हळूहळू वर आला, कुणी न उचलता.

हळदीला ते दोन गाणी वाजवून थांबले. दुसऱ्या गाण्यात दांडी एकदा घसरली, पण पेडलवरचा पाय चुकला नाही. सुनीलनं कीबोर्डवाल्याला जेवून जायला सांगितलं.

आता कुठलंही वाद्य आलं की खोलण्याआधी मालकाला वाजवायला सांगतो आणि जे विचित्र दिसेल ते का आहे, हे विचारतो. हा धडा सोपा होता. तारही शंभर रुपयांच्या आत मिळते. मी गप्प बसलो तेवढ्या वेळात एका माणसानं आपला पाय बाद धरला होता, त्याचं बिल मात्र कुणी लावलं नाही.