पान गोड, पट्टी फिकी!

लॅबमधल्या रक्ताच्या नळ्या रोज फेकल्या जातात, किस्से मात्र साठतच जातात! मी कुवेतच्या एका क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन होतो. तिथे दोन हजार सालानंतर एका कुंडीने आम्हाला जेवढे किस्से दिले, तेवढे पेशंटांनीही दिले नसतील.

कुंडी पुण्याच्या शिंदे सिस्टरची. सुट्टीवरून स्टीव्हियाच्या बिया आणून त्यांनी एसीजवळच्या खिडकीत रोप वाढवलं. आमच्या इजिप्शियन डॉक्टरांनी पान चावलं आणि ते ओरडले, "वल्लाह! सिस्टर, यावर तुम्ही साखर फवारता!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पान धुऊन खाल्लं. दोनदा!

*

मला राहवेना. पानं उकळून चहा केला, त्यात साखर तपासायची पट्टी बुडवली. रंग बदललाच नाही! एवढा गोड, आणि साखर शून्य! मी खुशीत कप पुढे केला, पण कोणी घेईना.

"ती पट्टी लघवीत बुडवतात ना?" सिस्टर म्हणाल्या.

"अहो, कोरी होती!"

शेवटी तो चहा मलाच प्यावा लागला.

*

सखाराम कुवेतच्याच अम्गरा भागातल्या लाकडाच्या वखारीत सुतार, गुहागरकडचा. त्याला डायबेटिस निघाला. पण त्याला भीती वेगळीच! "सिस्टर, बायकोला कळता कामा नये. सुट्टीला गावी गेलो की ती रडून रडून मला इकडे परत यायला द्यायची नाय."

सिस्टरने पानं दिली. पंधरा दिवसांनी साखर आणखी वाढलेली!

"चहात काय घालतोस?"

"तुमचीच पानं."

"आणि चहाबरोबर?"

"खजूर. सात-आठ. चहातली साखर वाचली नाय का!"

डॉक्टर तापले. "पान साखरेच्या जागी! गोळीच्या जागी नाही, आणि सोबत खजूर तर मुळीच नाही!"

तीन महिन्यांत आकडा खाली आला. त्यात पानाचा वाटा किती, गोळीचा किती आणि सोडलेल्या खजुराचा किती, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

*

मग सखाराम सुट्टीवर निघाला. गोळ्या बॅगेच्या तळाशी, सुकलेल्या पानांची पुडी खिशात. महिन्याने परत आला तो थेट लॅबमध्ये.

"बायकोला कळलं?" सिस्टरने विचारलं.

"पहिल्याच सकाळी तिला बोललो, चहात साखर नको, कुवेतात तशीच सवय लागलीय. तर ती बोलते, ‘बरं झालं, मलापण तशीच सवय लागलीय.’"

"मग?"

"मग पुडी लपवायला फळीवर हात घातला. डब्याच्या मागं बघतो तर मी खातो त्याच शुगरच्या गोळ्या!"

"अरे देवा! काय बोललास तिला?"

"माझ्या गोळ्या नि तुमची पुडी, दोन्ही तिथंच तिच्या गोळ्यांशेजारी ठेवली."