गाळणीचा हात

माझ्या धाकट्या दिरांना रेडिओ केंद्रात सगळे गाळणी म्हणायचे. माझा नवरा बातम्या वाचायचा आणि काचेपलीकडे भाऊजी बसायचे, फेडरवर बोट ठेवून. फेडर म्हणजे माइकचा आवाज वरखाली करायची सरकती कळ. वाचणाऱ्याला खोकला आला, कागद फडफडला, की भाऊजींचं बोट खाली सरकलंच. गावाला त्याचा पत्ताही लागायचा नाही. एक डॉक्टर मुलाखतभर शिंकले, तरी घरी ऐकणाऱ्या बायकोला वाटलं, स्वारी ठणठणीत आहे.

केंद्र सार्वजनिक, म्हणजे सगळ्यांचं आणि कुणाचंच नाही. धान्याच्या जुन्या गोदामावर दोन खोल्यांत सुरू झालं. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या. त्यात सासूबाईंच्या दोन गेल्या, त्यावरून त्या मरेपर्यंत कुरकुरत होत्या. पाणी कधी येणार, वीज कुठे जाणार, कुणाचं पोर हरवलं, भाजीचा काय भाव, गावाचा सगळा दिवस तिथून चालायचा. फेडर वर असला की दारावर, आतबाहेर दोन्हीकडून दिसेल असा, लाल दिवा लागायचा. खाली आला की दिवा विझायचा. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मग गिरणीला आग लागली. दारांना बाहेरून कुलपं होती. मालकाने सांगितलं, चौघे गेले. कसले चौघे? आम्ही बायकांनी घरातल्या चादरी नेऊन दिल्या होत्या त्या माणसांना गुंडाळायला, चादरी पुरल्या नाहीत. काहींचं तर उचलायला अंगसुद्धा उरलं नव्हतं. माझ्या नवऱ्याने ठरवलं, संध्याकाळच्या बातम्यांत मेलेल्या प्रत्येकाचं नाव वाचायचं. मला विचारलं, मी म्हटलं, वाचा.

मी चुलीपाशी ऐकत होते. निम्मी नावं झाली असतील, आवाज एकदम तुटला आणि बासरी लागली. झालं, गेली वाटतं माइकची तार, असं पुटपुटत मी हातातलं काम करत राहिले.

तार गेली नव्हती. तिघेजण लोखंडी नळ्या घेऊन आत शिरले होते. त्यांनी आतून कडी लावली आणि पहिला दणका माझ्या नवऱ्याच्या जबड्यावर घातला. तो आवाज माइकमध्ये गेला न गेला तोच गाळणीच्या हाताने आपलं काम केलं. फेडर खाली, बासरीची तबकडी चालू. डोक्याला कळायच्या आत हाताने सगळं उरकलं. दारावरचा लाल दिवा विझला. तो विझलेला बघून ते तिघे निवांत झाले आणि मग घाई न करता मारत राहिले. भाऊजींनी दार बडवलं, स्टूल उचलून काचेवर घातलं. काच दुहेरी होती, नुसती तडकली. त्या तडकलेल्या काचेतून त्यांनी सख्ख्या भावाचं डोकं फुटताना पाहिलं. फेडर पुन्हा वर करावा हे काही त्यांना सुचलं नाही. समोरच्या पोलीस चौकीतही रेडिओ चालू होता. तेही बासरी ऐकत बसले.

पोलिसांनी लिहिलं, जिन्यावरून पडला. दुसरा साक्षीदार नव्हता आणि भावाची साक्ष कोण धरतो?

तेराव्यापर्यंतसुद्धा थांबले नाही, मी त्याच रात्री भाऊजींना म्हटलं, "अख्खं गाव साक्षीला बसलं होतं, आणि तुम्ही बासरी लावलीत." त्यानंतर त्यांच्याशी बोलणं बंद केलं. एकाच घरात राहायचो. मी ताट आपटायची, ते जेवायचे आणि ताट घासून ठेवायचे. एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. पुन्हा त्याच खुर्चीवर जाऊन बसायला लागले तेव्हा तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाला काही लाज असते की नाही?

अपघात ठरवून पोलिसांनी प्रकरण मिटवलं, त्या संध्याकाळी बाजारभाव संपले आणि रेडिओवर एक घोगरा आवाज आला. भाऊजींचा. जन्मात कधी माइकसमोर बसले नव्हते. माझा नवरा ज्या नावावर थांबला होता, त्याच्या पुढच्या नावापासून ते वाचायला लागले. अडखळत होते, मध्येच खोकत होते. मी हात पुसत रेडिओपाशी येऊन उभी राहिले.

थोड्या वेळाने दार फुटल्याचा आवाज आला. कुणीतरी ओरडलं, बंद कर. आणि भाऊजी म्हणाले, "केलं बंद. दिवा गेला बघा वरचा."

पुन्हा! मी रेडिओ फोडायलाच हात उचलला होता. तो तसाच राहिला. बंद केलंय, तर मला ऐकू कसं येतंय?

मागाहून कळलं. त्यांनी दिव्याची तार फेडरपासून तोडून टेबलाखाली वेगळं बटण बसवलं होतं, गुडघ्याने दाबता येईल असं. फेडर वर करून काचेपलीकडच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं होतं. आता तो खाली ओढायला तिथे कुणी नव्हतं, त्यांचा स्वतःचा हातसुद्धा.

मग सगळं ऐकू आलं. नळीचा दणका, हाड मोडल्याचा आवाज. एकजण म्हणाला, तुझा भाऊ चिवट होता, तू लवकर जाशील. भाऊजींनी धापा टाकत विचारलं, कुणी पाठवलं तुम्हाला? तो हसला. "गिरणीच्या मालकांनी. जा, सांग आता गावाला."

त्यानंतर भाऊजी किंचाळले आणि किंचाळतच राहिले. गाळणीने त्यातलं काही गाळलं नाही.

मी खलातला बत्ता उचलला आणि पळत सुटले. दर घरात रेडिओ चालू होता. गोदामापर्यंत प्रत्येक खिडकीतून त्यांच्या किंकाळ्या माझ्यासोबत आल्या. दारं उघडत होती, माणसं जे हाताला लागेल ते घेऊन धावत होती. तिघांतला एकजण जिन्यावरून खाली आला तो माझ्या पुढ्यातच. पहिला बत्ता गुडघ्यावर घातला, दुसरा तोंडावर. पुढचे मोजले नाहीत, चौघांनी धरून मला मागे ओढलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. समोरच्या चौकीतले पोलीसही आले. या वेळी त्यांना जिन्याचं नाव काढता आलं नाही. मालकाला घरातूनच उचललं, आणि साक्षीला अख्खं गाव.

दवाखान्यात भाऊजींचा जबडा तारांनी बांधला होता, उजवा हात प्लास्टरमध्ये, बरगड्या मोडलेल्या. मी उशाशी बसले होते. त्यांना खोकल्याची उबळ आली. तेवढ्यात त्यांच्या डाव्या हाताचं बोट चादरीवरून खाली सरकलं. फेडरवर सरकायचं अगदी तसंच, आणि खोकला त्यांनी घशातच दाबला.

मी ते बोट मुठीत घट्ट धरलं. "खोका, भाऊजी," म्हटलं. "मी ऐकतेय."